पाणी गढूळ दिसलं तर खूश व्हा: मांटा रे बघायला जाण्यापूर्वी

बेटावरून सकाळी बोट निघते तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात एकच चित्र असतं. काचेसारखं निळं पाणी, तळाशी पांढरी वाळू आणि मधून संथपणे पंख हलवत जाणारा मांटा नावाचा चपटा, भलामोठा मासा. बोट थांबते, लोक कठड्यावरून वाकून बघतात आणि चेहरे पडतात. पाणी हिरवट, धुरकट. त्यात कसला तरी भुसा तरंगतोय. कुणीतरी म्हणतं, आजचा दिवस वाया गेला. सुकाणू धरलेला माणूस मात्र हसत असतो. त्याला तो भुसाच हवा होता.

हा भुसा म्हणजे प्लवक, प्रवाहाबरोबर वाहत जाणारे बारीक जीव. मांटाचं आयुष्य त्यांचा माग काढण्यात जातं. म्हणजे मांटा बघायची सहल ही खरी तर प्लवक गाठायची सहल असते आणि मांटा त्या पंगतीला आलेला पाहुणा. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्या महिन्यात जायचं, अमावास्या-पौर्णिमेचं एवढं काय, पाण्यात उतरल्यावर हातपाय का मारायचे नाहीत, या सगळ्याचा उलगडा होतो.

पाकटाचा भाऊ, पण काट्याविना

मराठीत ज्याला पाकट म्हणतात त्या चपट्या माशांच्या गोतावळ्यातला हा मासा. मुशी, म्हणजे शार्क, त्याची लांबची नातेवाईक. दोघांच्याही अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाचा शेंडा ज्याचा असतो त्याच पदार्थाचा. ‘मांता’ हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ चादर किंवा घोंगडी. वरून पोहत जाणारा मांटा बघितला की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

मांटाची एकच प्रजाती आहे असं बराच काळ मानलं जात होतं. २००९ मध्ये तिच्या दोन झाल्या. एक प्रवाळांच्या आसपास राहणारा रीफ मांटा आणि दुसरा खुल्या समुद्रात लांब पल्ला मारणारा महासागरी मांटा. २०२५ मध्ये अटलांटिकमधल्या तिसऱ्या प्रजातीचं रीतसर वर्णन प्रसिद्ध झालं. रीफ मांटा पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन-साडेतीन मीटर भरतो, क्वचित पाचपर्यंत जातो. महासागरी मांटा सात मीटरपर्यंत वाढू शकतो. बेटाजवळच्या बोट-सहलीत आपल्याला भेटतो तो बहुतेक वेळा रीफ मांटा. तीन मीटर हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पाण्यात तो आपल्या दिशेने येऊ लागतो तेव्हा अजिबात किरकोळ वाटत नाही.

तोंडाच्या दोन बाजूंना त्याला दोन लवचीक पाती असतात. पोहताना ती गुंडाळलेली असली की शिंगांसारखी दिसतात, आणि त्यावरूनच जुन्या दर्यावर्दींनी त्याला ‘सैतान मासा’ ठरवून टाकलं. प्रत्यक्षात खायच्या वेळी तो ती पाती उलगडतो आणि त्यांचं नरसाळं करून पाणी तोंडाकडे वळवतो. सैतानाचं शिंग वाढपाच्या डावासारखं निघालं, असंच म्हणायचं.

भीतीचं आत्ताच मिटवून टाकू. प्राण्यांवरच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे गाजलेले स्टीव्ह अर्विन यांचा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मृत्यू झाला तो स्टिंगरेच्या, म्हणजे काटा असलेल्या पाकटाच्या, शेपटीच्या काट्यामुळे. मांटा त्याच गोतावळ्यातला असल्यामुळे लोकांच्या मनात तो काटा रुतून बसला आहे. मांटाच्या शेपटीला डंख मारणारा काटा नसतो. महासागरी मांटाच्या शेपटीच्या मुळाशी जुन्या काट्याची आठवण म्हणून एक कडक गाठ तेवढी उरलेली दिसते. दात आहेत, पण बारीक, फक्त खालच्या जबड्यात, आणि खाण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. अशा माशासमोर घाबरायचं झालंच तर त्याच्या आकाराला घाबरावं, आणि तेही पहिली दोन मिनिटं.

न तुंबणारी गाळणी

एवढा मोठा मासा तांदळाच्या कणीएवढ्या, बऱ्याचदा त्याहूनही लहान जीवांवर जगतो कसा? त्याच्या खाण्यात मुख्यतः कोपेपॉड नावाचे कवचधारी सूक्ष्म जीव असतात, शिवाय माशांची अंडी, कोळंबीसारख्या प्राण्यांची पिल्लं वगैरे. तोंड सताड उघडं ठेवून तो पोहतो. पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं आणि अन्न आत राहतं. इथपर्यंत कुणालाही सुचेल.

गोची पुढे आहे. कुठलीही गाळणी घ्या, थोड्या वेळाने तिच्या छिद्रांत गाळ बसतो आणि ती तुंबते. मग ती आपटावी लागते, धुवावी लागते. मांटा तासन्‌तास गाळत राहतो, तरी त्याची गाळणी तुंबत नाही. त्याहून विचित्र म्हणजे तिच्या फटी जेवढ्या रुंद असतात त्याहून लहान कणही तो अडवतो. साध्या चाळणीचा नियम इथे लागूच पडत नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांटाच्या कल्ल्यांत पाणी गाळणाऱ्या ज्या पट्ट्या असतात त्यांची प्रतिकृती करून त्यातून पाणी सोडून बघितलं, तेव्हा खुलासा झाला. या पट्ट्यांवर पानांसारख्या छोट्या पाकळ्या ओळीने मांडलेल्या असतात. वेगाने येणारं पाणी दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीत एकदम वळतं आणि तिथे छोटा भोवरा तयार होतो. पाणी हलकं, ते वळून फटीतून निसटतं. त्यातला कण तेवढ्या झटक्यात वळू शकत नाही. तो पाकळीच्या कडेवर आपटतो, उसळतो आणि पुन्हा मुख्य धारेत जाऊन पडतो. पुढच्या पाकळीवर पुन्हा तेच. असा टप्पे खात खात तो घशापर्यंत पोचतो, आणि तोवर त्याच्याभोवतीचं बरंचसं पाणी कमी झालेलं असतं. कण फटीत शिरतच नाही, मग फट तुंबणार कशी? सांडपाणी गाळणाऱ्या यंत्रांसाठी ही युक्ती वापरता येईल का, याचा विचार त्यानंतर सुरू झाला.

या रचनेचा एक परिणाम आपल्या कामाचा आहे. गाळणी चालायला पाणी वेगाने आत यायला हवं, म्हणजे मांटा पुढे जात राहायला हवा. श्वासाचंही तेच. तोंडातून पाणी आत येऊन कल्ल्यांवरून वाहत राहिलं तरच त्याला प्राणवायू मिळतो. काही मासे जागीच थांबून कल्ल्यांनी पाणी ओढतात, तशी सोय याला नाही. म्हणून त्याच्या वाटेत उभं राहणं हा केवळ शिष्टाचाराचा भंग नसतो. त्याला वळावं लागतं, आणि वळण घेताना तो भरलेल्या ताटावरून उठतो.

आणि ताट भरलेलं असलं तरच तो बसतो. ऑस्ट्रेलियातल्या लेडी एलियट बेटाजवळ संशोधकांनी पाण्याचे नमुने घेतले, तेव्हा एका घनमीटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणिप्लवक असलं की मांटा खाऊ लागतात असं दिसलं. त्याहून विरळ असेल तर तोंड उघडून पोहण्याचे कष्ट परवडत नाहीत, कारण उघड्या तोंडाने पोहायला पाण्याचा विरोध जास्त. हिशेबी प्राणी आहे. म्हणूनच तोच समुद्र, तीच जागा, पण काल वीस मांटा आणि आज एकही नाही, असं घडतं, आणि यात बोटवाल्याचा दोष नसतो.

मान्सून, चंद्र आणि एक छोटीशी खाडी

मालदीवच्या बा प्रवाळद्वीपात हनीफारू नावाची एक खाडी आहे. प्लवक कसं आणि का गोळा होतं हे समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

मालदीव म्हणजे हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेली प्रवाळद्वीपांची माळ. तिच्या दोन्ही बाजूंना खोल समुद्र. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात वाऱ्याबरोबर समुद्राचा प्रवाहही पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. या काळाला तिथल्या दिवेही भाषेत हुल्हंगु म्हणतात. वाहत्या ओढ्यात दगड मांडले की त्यांच्या पलीकडे पाणी घुसळतं, तसंच हा प्रवाह माळेतल्या फटींतून जोरात घुसतो आणि पूर्वेच्या बाजूला घुसळण होते. त्यात खोलातलं थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. त्याला ऊन मिळालं की सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात. त्यांच्यामागोमाग त्या खाणारे सूक्ष्म प्राणी वाढतात. वर्षाच्या या भागात मालदीवच्या पूर्वेचं पाणी हिरवट होतं ते त्यामुळे, आणि मांटाही त्या महिन्यांत पूर्वेच्या बाजूला सरकतात. ईशान्य मान्सून सुरू झाला, प्रवाह उलटला, की सगळा खेळ पश्चिमेला जातो. मांटा कुठे आहेत हे विचारायच्या आधी वारा कुठून वाहतोय हे विचारावं, असं म्हणतात ते या अर्थाने.

हनीफारू आहे बा प्रवाळद्वीपाच्या पूर्व कडेवर. म्हणजे हंगामात जेवण दाराशी येऊन थांबलेलं असतं. ते आत ढकलायचं काम चंद्र करतो.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाण येतं. भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास असते ती भांगाची भरती, मवाळ. उधाणाच्या दिवशी भरतीचं पाणी मान्सूनच्या प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने प्रवाळद्वीपाच्या आत शिरतं आणि बाहेर जमलेलं प्लवक बरोबर ओढून नेतं. वाटेत हनीफारूचा खडक लागतो. त्याचा आकार असा आहे की एका बाजूने पाणी आत येतं, पण दुसऱ्या टोकाला वाट नाही. पाणी खडकावरून सांडून पुढे जातं. प्लवक उथळ कडेवरून वाहून जायचं टाळतं, खाली राहायला धडपडतं, आणि खाडीच्या कोपऱ्यात फिरणाऱ्या उलट्या प्रवाहात अडकून पडतं. तास-दोन तासांत तिथलं पाणी पेजेसारखं होतं.

मग मांटा येतात. आधी दोन-चार, मग टोळीने. चांगल्या दिवशी त्या छोट्याशा खाडीत शंभराहून जास्त मांटा मोजले गेले आहेत. मधूनच एखादा देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, त्याच पंगतीला येऊन बसतो. भरती ओसरू लागली की पेज पातळ होते, आणि आले तसे सगळे निघून जातात. साधारण मे ते नोव्हेंबर हा तिथला हंगाम. पण महिन्यापेक्षा मी तिथी बघेन. हंगामातल्या कुठल्याही आठवड्यापेक्षा अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मागचे-पुढचे दिवस हाताशी असलेले बरे. त्या काळात पाऊस आणि ढग असतातच. फोटो काळपट येतील. त्याबद्दल तक्रार करणाऱ्याने ईशान्य मान्सूनच्या निळ्याशार पाण्यात पोहावं आणि या खाडीत मांटा नाहीत म्हणून रुसू नये.

इतके मांटा जमतात म्हटल्यावर माणसंही जमू लागली. एकेकाळी तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारणारे स्कूबावाले आणि तोंडात नळी धरून पृष्ठभागावर तरंगणारे स्नॉर्कलवाले अशी झुंबड उडत असे. २००९ मध्ये हनीफारू संरक्षित क्षेत्र झालं, २०११ मध्ये संपूर्ण बा प्रवाळद्वीपाला युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०१२ पासून हनीफारूत स्कूबा बंद झालं. आता फक्त स्नॉर्कल, बरोबर प्रमाणपत्र असलेला मार्गदर्शक, आणि पाण्यात ४५ मिनिटं. खाडीत वनरक्षकांसारखे रक्षक बोटीतून फिरत असतात. ४५ मिनिटं कमी वाटतात खरी, पण नियमाचं मला तरी कौतुक वाटतं. उथळ पाण्यात स्कूबाचे बुडबुडे आणि तळापासून वरपर्यंत माणसांची भिंत, यात मांटाला खायला जागाच राहत नव्हती.

सगळीकडे हाच नकाशा असतो असं नाही. हवाई बेटांवर कोनाच्या किनाऱ्याला लोक रात्री मांटा बघतात. प्राणिप्लवक दिवसा खोल अंधारात दडतं आणि रात्री वर येतं, हे पृथ्वीवरचं रोजचं सर्वांत मोठं स्थलांतर. वर आलेल्या प्लवकातले अनेक जीव उजेडाकडे ओढले जातात. कोनाला हॉटेलच्या दिव्यांमुळे किनाऱ्याजवळ प्लवक आणि मांटा गोळा होतात हे लोकांच्या लक्षात आलं, आणि पुढे त्याचीच सहल झाली. आज तिथे दिवे लावलेली लांब फळी पाण्यावर तरंगत ठेवतात, माणसं तिला धरून पालथी पडून राहतात आणि मांटा त्यांच्या खालून कोलांट्या मारत जातात. इंडोनेशियातल्या नुसा पेनिडा आणि कोमोडोला, फिजीच्या यासावा बेटांमध्ये, मायक्रोनेशियातल्या यापला आणखी वेगळी गणितं आहेत. कुठे प्रवाह, कुठे सफाईची जागा.

सफाईची जागा म्हणजे काय ते थोडक्यात. प्रवाळाच्या काही ठरावीक उंचवट्यांवर छोटे सफाईमासे राहतात. मांटा त्यांच्यावर घिरट्या घालत वेग अगदी कमी करतो आणि ते त्याच्या अंगावरचे परजीवी, मेलेली त्वचा, जखमेतली घाण खातात. एकाचं पोट भरतं, दुसऱ्याचं अंग स्वच्छ होतं. या जागा बऱ्याचदा पृष्ठभागापासून खाली असतात, त्यामुळे स्नॉर्कल करणाऱ्याला तिथे मांटाची पाठ दिसते, तीही निळसर धुक्यातून. बोट ठरवताना एवढंच विचारा की मांटा तिथे खायला येतात की अंग साफ करून घ्यायला. स्नॉर्कलवाल्यासाठी खायची जागा केव्हाही बरी.

पंगत कशी बसते

मालदीवमधल्या संशोधकांनी मांटाच्या खाण्याच्या आठ तऱ्हा नोंदवल्या आहेत. सगळ्या सांगत बसत नाही, पण तीन ओळखता आल्या तर पाण्यात काय चाललंय ते कळतं.

प्लवक अगदी वरच्या थरात असेल तर मांटा पृष्ठभागाला चिकटून, वरचा जबडा जवळजवळ पाण्याबाहेर काढून पोहतो. बोटीवरून दोन काळी टोकं दिसतात ती पंखांची असतात. दोन मुशी एकमेकींशेजारून चालल्या आहेत असा समज होऊन काही जण पाण्यात उतरायलाच नकार देतात.

प्लवक एकाच जागी दाट असेल तर तो तिथल्या तिथे मागे कोलांट्या मारत राहतो, एकामागून एक, पोट आपल्याकडे. प्लवकाच्या ढगातून बाहेर जायचं नाही म्हणून केलेली ही युक्ती. बघणाऱ्याच्या दृष्टीने याहून सुंदर काही नाही.

आणि मोठी टोळी असली की ते एकामागे एक रांग धरतात. कधी कधी रांगेचं डोकं वळून शेपटाला येऊन मिळतं आणि रिंगण सुरू होतं. पन्नासेक मांटा गोल फिरू लागले की पाण्याचाच भोवरा तयार होतो आणि प्लवक त्यात अडकून मध्यावर दाट होत जातं. हे क्वचित घडतं, आणि हनीफारू त्यासाठी प्रसिद्ध आहे.

पाण्यात उतरल्यावर

स्नॉर्कलची नळी एवढी आखूड का, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर असं. नळी लांब केली की आपण सोडलेलीच हवा पुन्हा ओढावी लागते, आणि शरीर जरा खोल गेलं की पाण्याचा दाब छातीला फुगू देत नाही. एक मीटर खोलीवरही फुप्फुसांना पृष्ठभागावरची हवा ओढणं जवळजवळ अशक्य होतं. त्यामुळे पृष्ठभागावर सपाट तरंगत, सावकाश, खोल श्वास घ्यायचा. नळीतून श्वास घ्यायला नेहमीपेक्षा जोर लागतोच. धाप लागलेली असताना जोरजोरात ओढू नये. दम कोंडल्यासारखा वाटला तर पाठीवर वळा, नळी तोंडातून काढा, हात वर करा. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. स्नॉर्कलिंगमधले अपघात बऱ्याचदा आरडाओरडा न होता, शांतपणे घडतात. शेजारी पोहणाऱ्याला नजरेच्या टप्प्यात ठेवण्याचं कारण तेच. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालायला लाजू नका. तरंगायचंच तर आहे.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नाही. क्रीम थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला. पाठ आणि पोटऱ्या भाजतात आणि ते रात्री कळतं.

आता मुख्य गोष्ट. पाण्यातून येणारा प्रकाश मास्कच्या काचेतून हवेत शिरताना वाकतो, म्हणून पाण्यातली वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी वाटते. मांटा तीन मीटरवर आला असं वाटतं तेव्हा तो खरं तर चारेक मीटरवर असतो. अंगावर येतोय असं वाटून लोक हातपाय झाडायला लागतात ते या भासापायी. त्याला तुम्ही केव्हाच दिसलेले असता. माशांमध्ये मोठ्या मेंदूचा म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी, आणि पंख वाकवून तो तुमच्या बोटभर अंतरावरून निघून जाईल.

मांटा ट्रस्ट ही संस्था जे नियम सांगते ते सोपे आहेत. पाण्यात आवाज न करता उतरा, आणि उतरताना मांटापासून किमान दहा मीटर लांब असा. स्वतःहून तीन मीटरच्या आत जाऊ नका. त्याच्या वाटेत थांबू नका, बाजूला राहा. पाठलाग करू नका. हात लावू नका, कारण त्याच्या अंगावर बुळबुळीत संरक्षक थर असतो आणि तो पुसला गेला की जंतूंना वाट मिळते. एवढं पाळून तुम्ही स्थिर तरंगत राहिलात तर तीन मीटरचा नियम बहुतेक वेळा मांटाच मोडतो, आणि त्याला तो मोडायची मुभा आहे.

पाठलागाचं गणितही आपल्या बाजूचं नाही. मांटा पंखांच्या एका फटक्यात जेवढं अंतर जातो तेवढ्यासाठी आपल्याला पायांतल्या फिन्सचे, म्हणजे रबरी वल्ह्यांचे, कितीतरी फटके मारावे लागतात. आपण दमतो, पाण्यात फेस होतो, तो निघून जातो, आणि मागे थांबलेल्या पंधरा जणांचा विचका होतो. उलट तो खात असेल तर त्याला त्याच ढगातून पुन्हा जायचंच असतं. जिथून तो गेला तिथेच थांबा. तो परत येतो.

बोटीनेही हेच करायला हवं. पृष्ठभागावर खाणाऱ्या मांटाला बोटीच्या इंजिनाच्या पंख्याची पाती लागून होणाऱ्या जखमा पाठीवर समांतर रेषांसारख्या दिसतात. मांटाच्या अगदी मध्ये बोट नेऊन इंजिन चालू ठेवणाऱ्या नावाड्याला मोठ्या आवाजात ‘थांबव’ म्हणायला हरकत नाही. पैसे तुम्ही दिलेले असतात.

एका मांटाची किंमत

या सगळ्या जपणुकीमागे एक साधा हिशेब आहे. मादीला प्रौढ व्हायलाच आठ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. गर्भ पोटात वर्षभराहून थोडा अधिक काळ राहतो. पिल्लू एकच, क्वचित दोन, आणि दोन बाळंतपणांमध्ये दोन ते पाच, कधी त्याहून जास्त वर्षांचं अंतर. पिल्लू पंख गुंडाळलेल्या वळकटीसारखं बाहेर येतं आणि उलगडून लगेच पोहू लागतं. जपानमधल्या ओकिनावा चुराउमी मत्स्यालयात २००७ मध्ये असा जन्म बंदिवासात पहिल्यांदा झाला. एक मादी चाळीसेक वर्षं जगली तरी तिच्या पोटी येणारी पिल्लं बोटांवर मोजता येतील. एखाद्या बेटाजवळचे दहा मांटा जाळ्यात गेले तर ती जागा पिढीभर रिकामी राहू शकते.

आणि जाळ्यात जातात. मांटाच्या त्या न तुंबणाऱ्या गाळणीच्या पट्ट्या वाळवून चीनमध्ये औषधी म्हणून विकल्या जातात. २०१३ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स करारात मांटाचा समावेश झाला. इंडोनेशियाने २०१४ मध्ये आपल्या सगळ्या समुद्रात मांटाची शिकार बंद केली. मालदीवमध्येही पाकटांच्या सर्व प्रजातींना कायद्याचं संरक्षण आहे. तरी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत महासागरी मांटा २०२० पासून धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे, आणि रीफ मांटा त्याच्या एक पायरी अलीकडे, असुरक्षित गटात.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरच्या मांटा-पर्यटनाची उलाढाल वर्षाला सुमारे १४ कोटी डॉलर असल्याचा अंदाज मांडला. मेलेला मांटा एकदाच विकला जातो, जिवंत मांटा दर हंगामात. हा युक्तिवाद मला थोडा कोरडा वाटतो, पण मच्छीमाराच्या घरात तोच पटतो, आणि कायदे बदलायलाही तो उपयोगी पडला. मात्र तो तेवढ्यापुरताच खरा आहे. शंभर माणसं एका मांटामागे धावू लागली आणि त्याने ती जागा सोडली, तर जिवंत असूनही तो त्या बेटाच्या उपयोगाचा राहत नाही.

पोटाचा फोटो

कॅमेरा नेत असाल तर फ्लॅश बंद ठेवा, आणि तोंडासमोरचा फोटो मिळवायच्या नादात वाटेत जाऊ नका. संशोधकांना तोंड नकोच असतं. त्यांना हवं असतं पोट. प्रत्येक मांटाच्या पोटावर, कल्ल्यांच्या फटींच्या आसपास, काळे ठिपके असतात. त्यांची मांडणी जन्मभर बदलत नाही आणि दुसऱ्या कुणाशी जुळत नाही. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखंच. बहुतेक पोटं पांढरी असतात, काही जवळजवळ पूर्ण काळी, आणि लेडी एलियट बेटाजवळ चक्क गुलाबी पोटाचा एक नर आहे, तो २०१५ मध्ये पहिल्यांदा फोटोत आला.

अशा ठिपक्यांवरून एकट्या मालदीवमध्ये पाच हजारांहून जास्त रीफ मांटांची ओळख पटली आहे, आणि त्यातले कितीतरी फोटो पर्यटकांनी पाठवलेले आहेत. तुमच्या डोक्याखाली मांटाने कोलांटी मारली की पोट आपोआप समोर येतं. तेवढा एक फोटो, तारीख, वेळ आणि जागा. तो मांटा ट्रस्टकडे पाठवला तर ठिपके जुन्या नोंदींशी ताडून बघतात. तुमच्यासमोरून गेलेली मादी दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या प्रवाळद्वीपात दिसली होती, तेव्हा तिच्या पंखाच्या टोकाचा तुकडा शाबूत होता आणि पोट फुगलेलं होतं, असं काहीतरी कधी उत्तरात येतं.